कांदा एकदा मुद्दाम करपवावा: मोठेपणी स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी

‘चवीपुरते मीठ घालावे’ असे पाककृतीत लिहिलेले असते, आणि ज्याने आजवर पाणी उकळण्यापलीकडे काही केलेले नाही अशा माणसाची गाडी नेमकी तिथेच अडते. चवीपुरते म्हणजे किती, कोणाच्या चवीपुरते, आणि पदार्थ अजून कच्चा असताना ती चव कळणार तरी कशी? ‘कांदा गुलाबीसर होईपर्यंत परतावा’, ‘पाणी बेताचे घालावे’, ‘मंद आचेवर शिजू द्यावे’ ही सगळी वाक्ये ज्याला स्वयंपाक येतो त्याला आठवण करून देण्यासाठी लिहिलेली असतात. लहानपणापासून स्वयंपाकघरात लुडबुड केलेल्या माणसाने कांदा परतला जाताना शेकडो वेळा पाहिलेला असतो. त्याचा वास आणि आवाज त्याच्या नकळत मनात मुरलेला असतो. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा ओट्याशी उभ्या राहणाऱ्याकडे हा साठा नसतो, आणि बहुतेक वेळा तो ‘मला हे जमणारच नाही’ असे म्हणून मोकळा होतो.

हा साठा मोठेपणीही करता येतो आणि त्याला वर्षे लागत नाहीत. मी स्वतः पस्तिशीत शिकलो. सुरुवातीचे काही महिने रोज नवी पाककृती करून पाहण्यात गेले आणि त्यातून हाती फारसे लागले नाही, कारण पदार्थ बिघडला तर कशामुळे बिघडला आणि जमला तर कशामुळे जमला, हे दोन्ही कळत नव्हते. पुढे एका संध्याकाळी फोनवर बोलता बोलता शेगडीवरचा कांदा विसरलो आणि तो काळाठिक्कर पडला. जेवण वाया गेले, पण सोनेरी आणि काळा यांच्यामध्ये किती थोडा वेळ असतो हे त्या दिवशी जे कळले, ते कोणत्याही पाककृतीने शिकवले नव्हते. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की नवशिक्याने पदार्थाचा नेमका टप्पा शोधत बसण्याऐवजी त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे टप्पे एकदा मुद्दाम पाहून घ्यावेत. कच्चे, अर्धवट शिजलेले, बेताचे, जास्त झालेले आणि करपलेले असे सगळे एकदा डोळ्यांखालून गेले, की पाककृतीतल्या मोघम शब्दांचा अर्थ लागू लागतो.

थोडे पदार्थ, पुन्हा पुन्हा

पहिल्या महिन्यात चारच गोष्टी कराव्यात: अंडी, भात, एखादी परतलेली भाजी, आणि डाळीचे किंवा भाज्यांचे साधे सूप. अंड्यांमुळे आचेची जाण येते, भातामुळे पाण्याचा अंदाज बसतो, परतलेल्या भाजीत सुरीपासून तेलापर्यंत सगळ्याचा सराव होतो, आणि सूप हे मीठ शिकण्याचे सर्वांत चांगले साधन आहे. जो अंडी खात नाही त्याने त्यांच्या जागी बटाटा घ्यावा.

यातला प्रत्येक पदार्थ किमान पाच वेळा करावा आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी. आज आच कमी ठेवली तर उद्या फोडी लहान कराव्यात. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. जवळ एक वही ठेवून त्यात प्रमाण, वेळ आणि निकाल यांची दोन ओळींची नोंद करावी. हे शाळेतल्या प्रयोगवहीसारखे वाटेल, पण मोठेपणी शिकणाऱ्याचे बळ यातच आहे. लहान मूल बघून बघून शिकते. मोठ्या माणसाला वजन करता येते, घड्याळ लावता येते आणि एखादी गोष्ट का घडते हे समजून घेता येते. ज्या घरात ‘अंदाजाने घालायचे’ हेच शिकवणे मानले जाते, तिथे वजनकाटा काढला की हसू होते. होऊ द्यावे. हात बसेपर्यंत काटा वापरण्यात कमीपणा नाही.

भांड्यांवर मात्र फार विचार करू नये. एक चांगली धारदार सुरी, मोठासा लाकडी किंवा प्लास्टिकचा पाट, जाड बुडाचे झाकणासह एक पातेले, एक पसरट तवा किंवा पॅन, उलथणे, पळी, चाळणी आणि वजनकाटा एवढ्यावर वर्षभर निभावते. पातळ बुडाचे भांडे घेऊ नये, कारण त्यात उष्णता एकाच जागी एकवटते आणि मधला भाग करपत असताना कडा कच्च्या राहतात. नॉनस्टिक पॅन रिकामे ठेवून मोठ्या आचेवर तापवू नये, त्याचा लेप खराब होतो. मापांपैकी लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर एवढे लक्षात ठेवावे. कपाचे माप मात्र कुठे २४० तर कुठे २५० मिलिलिटर असते. एका पदार्थात एकच कप वापरला तर त्याने बिघडत नाही.

सुरी धरण्याची पद्धत

घाबरून बोथट सुरीने काम करणाऱ्याचे बोट लवकर कापते, कारण बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. सुरीची मूठ नुसती मुठीत न आवळता, पाते जिथून सुरू होते तिथे अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट दोन्ही बाजूंनी धरावी आणि उरलेली तीन बोटे मुठीभोवती ठेवावीत. दुसऱ्या हाताची बोटे आत दुमडून त्यांच्या टोकांनी भाजी दाबून ठेवावी. सुरीचे पाते बोटांच्या पेरांना टेकून वरखाली होते आणि नखे सुरक्षित राहतात. पाटाखाली ओले फडके अंथरले की पाट सरकत नाही. कोणतीही गोल भाजी आधी मधून कापून तिची सपाट बाजू खाली ठेवावी, म्हणजे ती घरंगळत नाही.

वेगाचा नाद सोडावा. वेग आपोआप येतो, आणि आला नाही तरी जेवण होते. फोडी एकसारख्या होणे मात्र महत्त्वाचे आहे, कारण लहान फोड शिजून गळून जाते तेव्हा शेजारची मोठी फोड अजून कच्चटच असते, आणि मग दोष आचेला दिला जातो.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते त्याचे कारण असे की कापल्यामुळे कांद्याच्या पेशी फुटतात, त्यांतील एन्झाइम आणि गंधकयुक्त द्रव्ये एकत्र येतात आणि एक झोंबणारा वायू तयार होतो. धारदार सुरीने पेशी कमी चेचल्या जातात आणि थंड कांद्यातून वायू कमी उडतो, त्यामुळे चिरण्याआधी कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो.

आच

आता तो मुद्दाम करपवायचा कांदा. मध्यम आकाराचा एक कांदा बारीक चिरावा. पॅन मध्यम आचेवर मिनिटभर तापवून त्यात एक मोठा चमचा तेल घालावे आणि कांद्याचा एकच तुकडा टाकून पाहावा. त्याच्याभोवती लगेच बारीक बुडबुडे आले तर तेल तयार आहे. तुकडा निपचित पडून राहिला तर थांबावे. तेलातून धूर येऊ लागला तर आच बंद करून ते निवू द्यावे. मग सगळा कांदा घालून घड्याळ लावावे, शेजारी एक पांढरी ताटली ठेवावी, आणि दर दोन मिनिटांनी अर्धा चमचा कांदा काढून ताटलीत ओळीने मांडत जावे.

पहिल्या दोन मिनिटांत जोराचा चुरचुर आवाज येतो, वाफ उठते आणि वास उग्र असतो. कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणीच असते आणि हा आवाज ते पाणी उडून जाण्याचा आहे. चारपाच मिनिटांनी तुकडे पारदर्शक दिसू लागतात, त्यांच्या कडा लवतात आणि वासातला उग्रपणा जातो. सूप किंवा फिकट रस्सा करायचा असेल तर इथे थांबतात. आठदहा मिनिटांच्या सुमारास आवाज बारीक होतो, कडांना सोनेरी रंग चढतो आणि वासात गोडवा येतो. पाककृतीतला ‘गुलाबीसर’ म्हणतात तो पारदर्शक आणि सोनेरी यांच्या मधला टप्पा, आणि तो एकदा ताटलीत दिसला की पुन्हा विचारावा लागत नाही. यापुढे मात्र गाडी उताराला लागते. पाणी संपलेले असल्यामुळे कांद्याचे तापमान झपाट्याने वाढते आणि सोनेरीचा तपकिरी, तपकिरीचा काळा व्हायला दोनतीन मिनिटे पुरतात. तेवढा वेळ थांबून शेवटचा चमचा खरोखर काळा होऊ द्यावा. मग ओळीने सगळे चाखून पाहावेत: तिखट, मिळमिळीत, गोडसर, खमंग, आणि शेवटी कडू. भांडे, शेगडी आणि चिरण्याच्या पद्धतीप्रमाणे वरची मिनिटे बदलतील, पण हा क्रम बदलणार नाही, म्हणून वहीत मिनिटांपेक्षा वास आणि आवाज यांची नोंद जास्त काळजीपूर्वक करावी.

इथे एक तक्रार नोंदवतो. कांदा सगळीकडून सारखा गडद तपकिरी आणि मऊ करायला मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात, आणि तरीही अनेक पाककृतींत त्यासाठी बिनदिक्कत ‘दहा मिनिटे’ लिहिलेले असते. नवशिका ते प्रमाण मानतो, आच वाढवतो, कांदा बाहेरून काळा आणि आतून कच्चा करून बसतो आणि स्वतःला दोष देतो.

खमंगपणा येतो कुठून, हे समजले की निम्मी कोडी सुटतात. प्रथिनांचे घटक आणि शर्करा सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्या की त्यांच्यात झपाट्याने अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि शेकडो प्रकारचे सुगंध तयार होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. पाणी मात्र १०० अंशांना उकळते आणि ते जाईपर्यंत त्याच्या संपर्कातला पदार्थ त्याहून फारसा तापत नाही. म्हणजे ओला पदार्थ खमंग होत नाही. बटाट्याच्या फोडी धुऊन तशाच पॅनमध्ये टाकल्या तर त्या वाफेवर शिजतात आणि रंग धरत नाहीत. फडक्याने कोरड्या करून टाकल्या तर कडा कुरकुरीत होतात. मशरूम किंवा वांग्याच्या फोडी पॅनमध्ये एकावर एक रचल्या तर सुटलेल्या पाण्याला उडून जायला वाट राहत नाही आणि भाजी आपल्याच पाण्यात उकडली जाते. अशा वेळी दोन घाण्यांत भाजावे, वेळ जास्त लागला तरी चालेल. लसूण आणि दळलेले मसाले यांच्यात पाणी फारच थोडे असते, म्हणून ते काही सेकंदांत करपतात. कांदा झाल्यावर, आच कमी करून ते घालावेत आणि वास सुटला की लगेच टोमॅटो किंवा पाणी घालून तापमान खाली आणावे. मसाल्यांचे बरेचसे सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात, त्यामुळे ही काही सेकंदे वगळूनही चालत नाही.

अंड्यांचा प्रयोग याहून सोपा आहे. पाणी उकळू द्यावे, फ्रिजमधली चार अंडी चमच्याने अलगद सोडावीत आणि सहा, आठ, दहा व बारा मिनिटांनी एकेक काढून थंड पाण्यात टाकावे. सोलून मधून कापल्यावर वाहणाऱ्या बलकापासून कोरड्या, भुरभुरीत बलकापर्यंतची मालिका समोर दिसते. पांढरा भाग सुमारे ६२ अंशांपासून घट्ट होऊ लागतो, तर बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. उकळीपर्यंत जाण्याची गरज मुळात दोघांनाही नसते. म्हणूनच पॅनमध्ये अंडी ढवळून करताना आच मंद हवी आणि अंडी थोडी ओलसर दिसत असतानाच भांडे खाली उतरवावे, कारण तापलेले भांडे पुढचे मिनिटभर ती शिजवतच राहते. थांबलो तर प्रथिने आवळून पाणी पिळून काढतात आणि ताटलीत रबरासारखे गोळे व त्यांच्याभोवती पाणी असे दृश्य दिसते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी मात्र बलक पूर्ण घट्ट झालेलाच असावा. विजेच्या शेगडीवर शिकणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: बटण बंद केले तरी ती बराच वेळ गरम राहते, त्यामुळे आच बंद करणे पुरेसे नसते, भांडे उचलावे लागते.

पाणी

पाणी खळखळा उकळत असो की जेमतेम उकळत असो, त्याचे तापमान जवळपास तेवढेच असते. मोठ्या आचेने पदार्थ लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटते आणि नाजूक भाजी आपटून फुटते. म्हणून उकळी आली की आच कमी करावी. उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, त्यामुळे तिथे डाळी-कडधान्ये शिजायला जास्त वेळ घेतात. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट घडते. दाबामुळे पाण्याचे तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते आणि वेळ वाचतो.

भाताचे पाणी हा नवशिक्याचा हमखास अडखळण्याचा मुद्दा आहे. एक कप तांदळाला किती पाणी, याची दहा जणांकडून दहा उत्तरे मिळतात, आणि ती सगळी आपापल्या पातेल्यापुरती बरोबर असतात. तांदूळ स्वतः शोषतो ते पाणी साधारण त्याच्या आकारमानाइतके असते. त्यावरचे पाणी वाफ होऊन जाते, आणि ती वाफ किती जाईल हे पातेल्याच्या रुंदीवर, झाकण किती घट्ट बसते त्यावर आणि वेळेवर ठरते. एक कप तांदळाला पावणेदोन कप पाणी लागत असेल तर चार कपांना सात कप लागत नाही, कारण उडून जाणारे पाणी चौपट होत नाही. एकट्यापुरता भात उत्तम जमणाऱ्या माणसाचा पाहुणे आल्यावर गिचका होतो तो यामुळेच.

पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळासाठी सुरुवात पावणेदोन पटींनी करावी. तांदूळ दोनतीन पाण्यांनी धुऊन निथळावा, पाणी घालून उकळी आणावी, आच अगदी मंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि बारा ते पंधरा मिनिटे झाकण उघडू नये. नंतर आच बंद करून आणखी दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. ही दहा मिनिटे गाळण्याचा मोह होतो, पण तळाचा भात ओला आणि वरचा कोरडा असतो तो याच वेळात सारखा होतो. भात कच्चट लागला तर पुढच्या वेळी पाव कप पाणी वाढवावे, गिच्च झाला तर तेवढे कमी करावे. दोनतीन वेळांत आपल्या पातेल्याचे माप सापडते आणि ते वहीत लिहून ठेवावे. लाल किंवा तपकिरी तांदळावर कोंड्याचे आवरण असते, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

बटाटा, गाजर अशी कंदमुळे थंड पाण्यात घालून मग तापवावीत, नाहीतर आत उष्णता पोहोचेपर्यंत बाहेरचा भाग पिठूळ होतो. हिरव्या पालेभाज्या मात्र उकळत्या पाण्यात घालून लवकर काढाव्यात. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असे आंबट पदार्थ डाळ किंवा बटाटा मऊ झाल्यावरच घालावेत. आंबटपणामुळे वनस्पतींच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन सहज विरघळत नाही आणि तासभर उकळूनही डाळ टणक राहू शकते.

मीठ

मिठाचा धडा उकडून कुस्करलेल्या बटाट्यावर गिरवावा. आधी आपल्या चिमटीचे माप काढावे: तीन बोटांच्या दहा चिमट्या मीठ काट्यावर टाकून वजनाला दहाने भागावे. मग ५०० ग्रॅम बिनमिठाच्या बटाट्यातून शंभर-शंभर ग्रॅमच्या पाच वाट्या कराव्यात. पहिली अळणीच ठेवावी, आणि पुढच्या चार वाट्यांत अनुक्रमे सुमारे ०.४, ०.८, १.२ आणि २ ग्रॅम मीठ नीट मिसळून ओळीने चाखावे. पहिल्या दोन वाट्यांत पिठूळपणापलीकडे काही जाणवत नाही. तिसरीत अचानक बटाट्याची चव येते, मिठाची नव्हे, आणि ‘चवीपुरते’ म्हणजे हेच. चौथीत मीठ पुढे येते आणि पाचवी खाववत नाही. बहुतेक माणसांची पसंती पदार्थाच्या वजनाच्या पाऊण ते एक टक्क्याच्या आसपास पडते. लहान चमचाभर बारीक मीठ सुमारे सहा ग्रॅम भरते, म्हणजे पाऊण किलो सूपाला एक सपाट चमचा हा सुरुवातीचा अंदाज झाला. खडे मीठ किंवा जाड मीठ चमच्यात कमी मावते, म्हणून मिठाचा प्रकार बदलला की अंदाजही बदलावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, हेही हात सैल सोडताना ध्यानात असावे.

मीठ एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घालावे आणि दर वेळी ढवळून, अर्धा मिनिट थांबून, फुंकर मारून चाखावे. फार गरम घास जिभेला चव कळू देत नाही. रस्सा आटणार असेल तर मीठ आधी कमीच ठेवावे, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते. सगळे व्यवस्थित घालूनही पदार्थ सपक लागत असेल तर पुन्हा मिठाकडे वळण्याआधी लिंबाचे चार थेंब घालून पाहावेत. पुष्कळदा कमी असतो तो आंबटपणा.

खारट झालेल्या रश्शात कच्चा बटाटा घातला की तो मीठ ओढून घेतो, असे सांगतात. बटाटा खारट पाणीच शोषतो, पाणी सोडून नुसते मीठ घेत नाही, त्यामुळे उरलेला रस्सा होता तेवढाच खारट राहतो. खरा उपाय एकच, तो म्हणजे बिनमिठाचे पाणी, डाळ किंवा भाजी घालून पदार्थ वाढवणे. तिखट जास्त झाले तर दही, साय किंवा लोणी घालावे, कारण मिरचीतले तिखट द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. तळाला लागलेला पदार्थ खरवडू नये. न ढवळता वरचा भाग दुसऱ्या भांड्यात काढून चाखावा, बहुधा तो वाचलेला असतो.

जिथे प्रयोग करू नये

वर सांगितलेली ‘सगळे टप्पे पाहण्याची’ पद्धत काही ठिकाणी लागू नाही. कोंबडीचे मांस मध्यभागी ७४ अंशांपर्यंत तापलेच पाहिजे. रंगावरून अंदाज फसतो, म्हणून मांस शिजवणाऱ्याने अन्नात खुपसण्याचा थर्मामीटर घ्यावा. कच्चे मांस धुऊ नये, त्याचे शिंतोडे ओटाभर उडतात, आणि त्याचा पाट व सुरी साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नये. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळा उकळावा. त्यातले विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि थोड्याशा कच्च्या दाण्यांनीही उलट्या होतात.

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात, म्हणून शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये. भाताच्या बाबतीत ही चूक सर्रास होते. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात पातळ थराने लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा.

तेलाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि पेटलेले तेल सगळीकडे उडते. हात पोहोचत असेल तर आच बंद करावी, धातूचे झाकण भांड्यावर सरकवावे आणि भांडे हलवू नये. भाजल्यास जखमेवर लोणी, टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता ती वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी.

पूर्ण जेवण वेळेत मांडताना

चारही गोष्टी सुट्या जमू लागल्या की त्या एका वेळी मांडायच्या असतात, आणि इथे चांगले शिकलेलेही गोंधळतात. कागदावर सर्वांत खाली जेवणाची वेळ लिहावी आणि तिथून वर, म्हणजे मागे मागे जावे. समजा आठ वाजता जेवायचे आहे. परतलेली भाजी पंधरा मिनिटे घेत असेल तर ती पावणेआठला सुरू झाली पाहिजे. भाताला उकळी, शिजणे आणि मुरणे धरून अर्धा तास लागतो, म्हणजे तो सव्वासातला चढवून त्यात थोडी सवड ठेवावी. डाळीचे सूप तास घेत असेल तर पावणेसातला. आणि सगळी चिराचिर त्याच्याही आधी, शेगडी पेटण्यापूर्वी संपलेली असावी; सराव होईपर्यंत तिला पाककृतीत दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धरावा. सूप उकळत असताना मधल्या मोकळ्या वेळात पाट, सुरी आणि रिकामी भांडी धुऊन घ्यावीत, म्हणजे भाजी परतताना ओटा मोकळा मिळतो.

या हिशेबात चूक झालीच तर ती सूप आणि भात लवकर होण्याच्या बाजूने व्हावी. सूप पुन्हा गरम करता येते आणि झाकण न उघडलेला भात अर्धा तास सहज गरम राहतो, पण परतलेली भाजी थांबत नाही. तिला पाणी सुटते, कडा मऊ पडतात. म्हणून ती सर्वांत शेवटी, माणसे ताटावर येऊन बसत असतानाच शेगडीवरून उतरवावी.